दत्तोपंतांची मान

अडकित्त्याची पाती मिटली, सुपारीचं खांड फुटून दोन तुकडे तळहातावर पडले, आणि आवाज आला नाही. दत्तोपंतांनी दुसरं खांड घेतलं, पुन्हा दाबलं. फुटलं हे बोटांना कळलं – एक बारीक झटका अंगठ्यातून मनगटापर्यंत गेला – पण 'कट्' असं जे आयुष्यभर होत आलं होतं ते काही झालं नाही. सुपारी इथं ओट्यावर फुटत होती आणि तिचा आवाज कुणा दुसऱ्याच्या घरी जात होता. तिसरं खांड त्यांनी फोडलंच नाही. कशाला उगीच... परीक्षा घ्यायची आणि नापास व्हायचं, तेही सकाळी सकाळी, तोंडात पान जायच्या आधी.

समोरून टांगा गेला. टापा पडताना दिसल्या. बऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्याचा रस्ता नुकताच कुणीतरी झाडून शिंपडला होता, त्यावर चाकांच्या दोन ओल्या रेघा उमटल्या, तेवढंच. थोड्या वेळानं गिरणीचा भोंगा झाला, तो मात्र आला. भोंग्याला काय, तो मेलेल्यालाही उठवील. म्हणजे कान अगदीच गेलेले नाहीत, पंतांनी स्वतःला रोजच्यासारखं समजावलं – जाडं ते राहिलंय, बारीक ते गेलंय. आधी रातकिडे गेले, ते गेल्याचं कुणाला दुःख होणार? मग बायकोच्या बांगड्या गेल्या. मग एका बैठकीत तंबोरा लागत असताना खर्ज तेवढा घुमत राहिला आणि वरच्या तारा गप्प झाल्या; पंतांना वाटलं, तार तुटली असेल, म्हणून त्यांनी मान पुढं काढून पाहिलं, तर बोटं बिचारी इमानानं सगळ्याच तारांवरून फिरत होती. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. खांडव्याच्या डॉक्टरानं कानात नळकांडं घालून पाहिलं आणि वय झालं, असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाहेर बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली.

वय झालं. होऊ दे ना. गुडघ्यांचं झालं, दातांचं झालं, त्याला कोण ना म्हणतं? पण कान म्हणजे काही गुडघा नव्हे – निदान माझा तरी नव्हे.

दत्तोपंत गवई नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बऱ्हाणपुरात नवा आलेला माणूस त्यांना हमखास गवई समजायचा. घरचा धंदा कलाबत्तूचा, जरीच्या तारेचा. दुकान आता मुलगा प्रभाकर बघायचा. पंतांना स्वतःला धड एक सूर लावता येत नसे. त्यांना येत होतं ते एवढंच – ऐकणं. आणि ही काय मोठी विद्या, असं कुणी म्हणालं तर त्यानं इथल्या बैठकीत येऊन बसावं. इंदूरकडचे गवई मुंबईला जाताना खांडव्याला गाडी बदलून एक मुक्काम इथं करायचे. कुणा कापूसवाल्या शेठच्या दिवाणखान्यात त्यांचं गाणं व्हायचं. आणि ऐकायला यायचे ते दलाल, वकील, गिरणीतले कारकून, म्युनिसिपालिटीचे मेंबर – ज्यांना सम म्हणजे काय, हे जन्मात कधी कळलं नाही आणि कळत नाही हे कबूलही करता आलं नाही. मग ते काय करायचे? पंतांकडे बघायचे. पंत अगदी पुढं, डाव्या हाताला, खांबाला पाठ न टेकता बसायचे. चीज रंगली की त्यांची मान सावकाश डाव्या खांद्याकडे कलायची, आणि गुडघ्यावरचा तळवा उघडायचा. तोंडानं अक्षर नाही. ती मान कलली रे कलली, की मागून सगळा दिवाणखाना 'वाहवा' म्हणून उठायचा. पुढं पुढं गवयांनाही हे कळलं, तेही तंबोरे जुळवता जुळवता विचारायचे, पंत कुठं बसलेत?

आवडायचं त्यांना ते, नाही कसं म्हणावं? फार आवडायचं.

आणि गेली दोन वर्षं तीच मान ते नुसत्या डोळ्यांवर चालवत होते. ते फारसं अवघडही गेलं नाही, हीच तर लाजेची गोष्ट. तबलजीचा उजवा खांदा समेच्या आधी किंचित वर उठतो. गाणाऱ्याचा डावा हात हवेत काहीतरी धरून आणतो आणि समेला सोडून देतो. हे सगळं दिसतं. खांदा उठला की मान तयार ठेवायची, हात सुटला की कलवायची. एकदाही चूक झाली नाही. मागच्या हिवाळ्यात ग्वाल्हेरकडचा एक पोरगेला गवई तर उठून पाया पडला, डोळ्यांत पाणी आणून काहीबाही बोलला – काय बोलला कोण जाणे – आणि पंतांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात अजून जड वाटतो. कसा गायला होता तो पोरगा? चांगला? की साधारण? आता कधीच कळायचं नाही, आणि तो मात्र गावोगाव सांगत फिरत असेल की बऱ्हाणपूरच्या पंतांनी...

टांगा दारातच थांबला होता. मघाचा नव्हे, दुसरा. त्यातून भागाबाई उतरत होती.

भागाबाई म्हणजे इंदूरची भागाबाई. काल संध्याकाळी ती आली होती, कापूसवाल्या लीलाधर शेठच्या बंगल्यावर उतरली होती, आणि आज सकाळी तिथंच तिचं गाणं होतं, हे पंतांना ठाऊक होतं. पण गाण्याच्या आधी ती कधी इकडे येत नसे. ती ओट्याच्या कडेला टेकली, पदर सारखा केला आणि एकदम बोलायला लागली – खाली मान घालून, हळू आवाजात, जशी माणसं कठीण गोष्ट बोलतात. आणि इथंच घोडं पेंड खात होतं, कारण मान खाली म्हणजे ओठ दिसत नाहीत. पंतांच्या हाती तुकडे लागले. मुंबई. आवाज. तुम्ही. पुन्हा मुंबई. बायकांनी आपलं म्हणणं सांगावं आणि आपण पोक्तपणे हुंकार द्यावा, ही सवय आता अंगवळणी पडली होती. पंतांनी हुंकार दिले. शेवटी तिनं मान वर करून विचारलं, "मग कबूल?"

हे दिसलं. पंत म्हणाले, "हो हो, अगदी."

तिचा चेहरा एकदम सैल पडला. कशाला हो म्हणालो मी?... ती नमस्कार करून टांग्यात बसलीसुद्धा.

कशाला ते गोदाबाईंनी सांगितलं. गोदाबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आपल्या नवऱ्याला ऐकू येत नाही, हे त्यांना कधीपासूनच ठाऊक होतं, आणि ते ठाऊक आहे असं त्या एका शब्दानं कधी म्हणाल्या नव्हत्या. फक्त हल्ली त्या पाठमोऱ्या काही बोलत नसत, समोर येऊन उभ्या राहत आणि मगच तोंड उघडत. आताही तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, काय कबूल केलंत, कळलं का तुम्हाला?"

पंत अडकित्त्याकडे बघत राहिले. मग गोदाबाईंनी त्यांची हनुवटी धरून वर केली – पोराची धरावी तशी – आणि सांगितलं. भागाबाईला मुंबईला बोलावणं आलं होतं, ग्रामोफोनच्या प्लेटी भरायला. पण तिला आपल्या आवाजाचा भरवसा राहिला नव्हता. बरोबरची माणसं म्हणतात, बाई, आवाज होता तसा आहे. पण त्यांची पोटं तिच्यावर, ती दुसरं काय म्हणणार? आपला गळा आपल्याला ऐकू येतो तो खरा नसतो, म्हणाली. प्लेट म्हणजे कायमचं. वाईट भरली तर माझ्या मागं तेवढीच उरेल, म्हणाली. म्हणून आज पंतांसमोर गाणार. पंतांची मान हलली तर उद्याच्या गाडीनं पुढं मुंबईला. नाही हलली तर इथूनच मागं इंदूरला, आणि मग तंबोऱ्याला गवसणी घालायची ती घालायचीच. मुलाहिजा ठेवायचा नाही. कबूल?

"आणि तुम्ही म्हणालात, हो हो, अगदी," गोदाबाई म्हणाल्या. "आत्ता जा आणि सांगून टाका तिला."

"आणि लोक?"

"लोकांचं काय? लोकांनी काय तुमच्या कानांशी सोयरीक केलीय?"

ह्यावर पंतांना हसू यायला हवं होतं. पूर्वी आलं असतं. ते उठले, आत गेले, धुतलेलं उपरणं घेतलं आणि बाहेर पडले. सांगायचंच, असं ठरवून निघाले. लीलाधर शेठचा बंगला काही लांब नव्हता, पण पंत रेंगाळत चालले. वाटेत एका केळीवाल्याच्या गाडीपाशी उगीच उभे राहिले, भाव विचारला, उत्तर ऐकू न येता मान डोलावली. बघा, पुन्हा मान! सवयच जडलीय मेली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की बाई, मला ऐकू येत नाही. ठीक. कधीपासून? दोन वर्षांपासून. म्हणजे गेल्या सालीही नव्हतं? गेल्या सालीही ती इथं गायली होती, आणि पंतांची मान चांगली तीनदा कलली होती... आणि मग तो ग्वाल्हेरचा पोरगा, आणि त्याच्या आधीचे, आणि नंतरचे. एक वाक्य बोलायचं आणि त्या सगळ्यांच्या पदरातून दिलेलं काढून घ्यायचं. थकलो मी, पंतांना वाटलं, खरंच थकलो. कशाला दिलं देवानं हे, कान द्यायचे आणि मग नावलौकिक द्यायचा, आणि मग कान तेवढे परत घ्यायचे.

भागाबाई पहिल्यांदा आली तेव्हा पंतांच्या मिश्या काळ्या होत्या. नाकात चमकी, अंगात वारा भरलेली मुलगी. तिनं ताना अशा काही सोडल्या की दलाल मंडळी गुडघे बडवायला लागली. पंतांची मान हलली नाही. गाणं संपल्यावर तिनं आपला सारंगीवाला पाठवून विचारलं, कुठं चुकलं? पंतांनी निरोप दिला: बाई फार पळाल्या, एकदा थांबून दाखवा. मग दोन वर्षं ती आलीच नाही. लोक म्हणाले, पंत, तुम्ही बाईला दुखावलंत. तिसऱ्या वर्षी आली, तोडी सुरू केली, आणि गंधारावर येऊन थांबली. नुसती थांबली. काही केलं नाही, हललीसुद्धा नाही... आणि पंतांना कळलं नाही काय झालं, भर बैठकीत, सगळ्यांदेखत, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते पुसायचीही त्यांना लाज वाटली नाही. त्या एका गंधारासाठी जन्माला आल्यासारखं वाटलं होतं. तिनं डोळे उघडले, पंतांना तसं पाहिलं, आणि तीही रडली, पण सूर हलू दिला नाही. तेव्हापासून दर वर्षी ती इथं उतरायची. दोघं एकमेकांशी गाण्याखेरीज कधी चार शब्द बोलली नव्हती.

दिवाणखान्यात पोचले तेव्हा मंडळी जमली होती. तबल्यावर तिचा नेहमीचा भिकन, मागं तंबोऱ्यावर एक मुलगी. पंत सरळ भागाबाईकडे जायला निघाले, पण लीलाधर शेठनं मध्येच गाठून हाताला धरलं आणि नेऊन त्यांच्या जागेवर बसवलं. त्यांची जागा मोकळीच ठेवलेली असायची, दुसरं कुणी तिथं बसत नसे. शेठ काहीतरी बोलला, बहुधा 'तुमच्याचसाठी थांबून राहिलो ना, पंत,' अशासारखं. पाठीमागून वकील अनंतरावांनी पानाचा डबा पुढं केला. आणि मग सगळे गप्प झाले – हे पंतांना चेहऱ्यांवरून कळलं – आणि तंबोऱ्याचा खर्ज तेवढा, लांबून येणाऱ्या भोंग्यासारखा, त्यांच्या छातीत घुमायला लागला.

सुरुवात झाली. भागाबाईचे ओठ उघडले. कोणता राग? सकाळची वेळ, तिची हनुवटी अशी जराशी आत घेतलेली... तोडीच. त्यांच्यासाठी तोडीच गाणार ती, दुसरं काय? पंतांनी सवयीनं भिकनच्या खांद्यावर नजर ठेवली. खांदा उठला. सम आली. मान कलायलाच निघाली होती, पण पंतांनी ती धरली. कारण सम तिनं विचारली नव्हती. सम काय, डोळ्यांना दिसते. तिनं सूर विचारला होता, आणि सूर दिसत नाही.

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आणि बघता बघता ऐकू यायला लागलं. स्वच्छ, गोल, भरलेलं... तो गंधार, तो हळूहळू उजळत आला आणि स्थिर झाला, आणि पंतांच्या अंगावर काटा उभा राहिला, ओठांवर शब्द आला, मान... नाही. हा आजचा नव्हे. हा तो जुना. हा माझ्याच डोक्यात बसलेला आहे, ती आज काय गातेय ते हे नव्हे. पंतांनी मांडीला करकचून चिमटा घेतला. आपण ह्या बाईला तिच्याच जुन्या आवाजावर मुंबईला धाडणार होतो.

मग त्यांनी दुसऱ्यांकडे बघायचं ठरवलं. एवढे सगळे कानवाले बसलेत ना इथं. कुणाच्या तरी तोंडावर दिसेल की चांगलं चाललंय का वाईट. कुणी तरी कपाळाला आठी घालील, कुणी तरी डोळे मिटील. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गाणाऱ्याकडे पाठ करून मागं वळून पाहिलं. लीलाधर शेठ त्यांच्याकडे बघत होता. अनंतराव वकील गालात पान धरून त्यांच्याकडे बघत होते. कापसाचे दलाल, गिरणीचे कारकून, खिडकीपाशी बसलेला म्युनिसिपालिटीचा मेंबर – सगळे, झाडून सगळे, माना अर्धवट डावीकडे कलवून पंतांच्या मानेकडे बघत होते आणि वाट बघत होते. गाणं कुणीही ऐकत नव्हतं. किती वर्षं हे असं चाललं होतं? मी ऐकत होतो तेव्हाही हे असंच होतं का? म्हणजे एवढ्या भरलेल्या दिवाणखान्यात ती माझ्या एकट्यासाठी गात आली, आणि आता तोही एक उरला नाही.

पंत पुढं वळले. आणि त्यांनी ठरवलं, की मान हलवायची नाही. जे ऐकलं नाही त्याला दाद नाही. बस्स. हे ठरवल्याबरोबर इतकं हलकं वाटलं, की दोन वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं. भिकनचा खांदा उठला, पडला, उठला, पडला, आणि मान जागची हलली नाही. ही मान खरी आहे, पंतांना वाटलं, आज पहिल्यांदा ही मान खोटं बोलत नाहीये.

भागाबाई अंतऱ्यावर आली असावी. तिची हनुवटी वर गेली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, हात हवेत वर जाऊन तिथंच राहिला. वरचा षड्ज. ती तिथं उभी होती. किती वेळ उभी होती... तो षड्ज लख्ख होता की फाटला होता? काहीही असेल. काहीही असू शकेल. तिनं डोळे उघडले आणि सरळ पंतांकडे पाहिलं, आणि पंत ताठ बसून राहिले.

तिनं डोळे खाली घातले.

पुढं फार झालं नाही. भिकनला खूण केली, समेवर येऊन सोडून दिलं, हात जोडले. द्रुत नाही, काही नाही. मंडळी गडबडली, मग उठली, चहाकडे वळली. एकानंही वाहवा म्हटलं नव्हतं. म्हणणार कसे? आणि तेव्हा, उपरणं सावरता सावरता, पंतांना कळलं की आपण काय केलं. न हललेली मान. तिच्यासाठी न हललेल्या मानेचाही एकच अर्थ होता, आणि तो सकाळी ओट्यावर ठरला होता. मी गप्प बसलो, ते तिला निकालासारखं ऐकू गेलं.

लीलाधर शेठ कानाशी लागून मोठ्यानं बोलला, म्हणून ऐकू आलं: "बाईचा आवाज गेला ना, पंत? तुमची मान पाहिली, तेव्हाच समजून गेलो मी."

"नाही, शेठ, मी..." पंत म्हणाले, पण शेठ तोवर दुसऱ्याला तेच सांगायला वळला होता, आणि तो दुसरा गंभीरपणे मान हलवत होता, हो हो, वरती फाटत होता खरा. आता सगळ्यांनाच तो फाटलेला ऐकू आला होता.

गर्दी बाजूला झाली आणि भागाबाई समोर आली. दमलेली दिसत होती, पण सरळ उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला, आणि ह्या वेळी मान वर ठेवून, एकेक शब्द सुटा करून बोलली, म्हणून पंतांना सगळं दिसलं.

"पंत, मुलाहिजा नाही ठेवलात. उपकार झाले. संध्याकाळच्या गाडीनं परत जाते."

तिच्या पाठीमागं ती मुलगी तंबोऱ्याच्या तारा उतरवत होती. खुंट्या फिरताना दिसत होत्या. आता. आत्ता नाही बोललो तर ही बाई उरलेला जन्म न गाता काढील, आणि मी इथं पुढं डाव्या हाताला बसत राहीन. पण सगळे उभे होते भोवती... अनंतराव, शेठ, ते दलाल. उद्या बाजारात, दुकानात, प्रभाकरच्या तोंडावर – आणि तो ग्वाल्हेरचा पोरगा, तो कुठंतरी गात असेल ह्या घटकेला... पंत एक पाऊल पुढं झाले.

"बाई, मला ऐकू येत नाही. मी आज तुमचं काहीच ऐकलं नाही."

शब्द डोक्यात घुमले. हल्ली त्यांचा स्वतःचा आवाज असाच आतल्या आत घुमायचा, बाहेर किती जातो याचा अदमास लागत नसे. बोललो की नुसतंच मनात म्हटलं, हेही पुष्कळदा कळत नसे. आताही कळलं नाही. भोवतीची माणसं त्यांच्याकडे बघत होती, पण ती तर नेहमीच बघायची. पुन्हा म्हणावं, मोठ्यानं? ताकद राहिली नव्हती.

भागाबाई तशीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अजून काहीच आलं नव्हतं. पंत तिच्या डोळ्यांकडे, तिच्या ओठांकडे, तिच्या मानेकडे बघत राहिले. अशीच बघत असतील का ही गाणारी माणसं माझ्याकडे, इतकी वर्षं, गाऊन झाल्यावर? आणि मी पान चघळत, सावकाश... त्यांना वाटलं, हिनं काहीही करावं, रागवावं, हसावं, पण हिच्यापर्यंत पोचलं एवढं तरी दिसावं.